निवारा आणि घर : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात काही विचार

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे वाक्य आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. या तिन्हींत निवाऱ्याचा विचार मात्र आपण सर्वांत कमी करतो. बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा फूटपाथ किंवा पुण्याच्या स्टेशनाबाहेरची गर्दी उभी राहते. बेघर माणसे शहरात असतात आणि खेड्यात प्रत्येकाला निदान कुडाचे तरी घर असते, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे आपल्याच दोन तालुक्यांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक जुना धडा

निवाऱ्याची व्यवस्था ही आपल्या परिसराला नवी गोष्ट नव्हे. जुन्नरभोवतीच्या लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा आणि मानमोडी या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतील बरीचशी भिक्षूंनी पावसाळ्यात राहावे म्हणून खोदलेले विहार होत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावे आढळतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. काही लेखांत शेतजमिनी दान दिल्याचे आणि त्यांचे उत्पन्न श्रेणींकडे सोपविल्याचे उल्लेख आहेत.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दात्याने केवळ खोली कोरून दिली नाही. खोलीशेजारी पाणी दिले आणि पुढच्या निर्वाहाचीही तरतूद केली. छप्पर, पाणी आणि निर्वाह ही तीन अंगे एकत्र आली म्हणजेच निवारा पुरा होतो, हे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या व्यापाऱ्यांना उमगले होते. हीच कसोटी आपण आजच्या व्यवस्थेला लावून पाहू.

बेघर कोणाला म्हणावे?

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जी कुटुंबे इमारतीत राहत नाहीत, उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, फलाटावर किंवा देवळाच्या ओवरीत राहतात, ती बेघर होत. २०११ च्या जनगणनेत देशात अशी सुमारे १७.७ लाख माणसे मोजली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, शहरांत दर एक लाख वस्तीमागे चोवीस तास उघडे असणारे एक निवारागृह असावे, असे आदेश दिले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून अनेक शहरांत अशी निवारागृहे उभी राहिली.

परंतु २०११ साली जुन्नर शहराची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या घरात होती. लाखाच्या हिशेबात आपले गाव बसत नाही. मग वाड्या-वस्त्यांची गोष्टच सोडा. शिवाय आपल्याकडील बेघरपणा फलाटावर दिसत नाही. तो धरणाच्या काठी, डोंगराच्या उतारावर आणि उसाच्या फडात दडलेला आहे.

पाण्याखालचे आंबेगाव

ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडले, ते मूळ गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तालुक्याचे नाव उरले आणि नावाचे गाव गेले. घोड नदीवरील हे धरण कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक. उरलेली चार म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही जुन्नर तालुक्यात आहेत. त्यांच्या पाण्यावर पार श्रीगोंदा-कर्जत-करमाळ्यापर्यंतची शेती भिजते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांत पश्चिम भागातील महादेव कोळी समाजाची पुष्कळ कुटुंबे होती.

धरणग्रस्तांचा प्रश्न पुणे जिल्ह्याने फार पूर्वी, १९२१ साली मुळशी सत्याग्रहाच्या रूपाने देशापुढे मांडला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला आणि १९८६ व १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. लाभक्षेत्रातील जमिनीचा वाटा विस्थापितास द्यावा, हे त्यामागील तत्त्व न्याय्यच आहे. पण व्यवहारात सातबारा ज्याच्या नावे तो खातेदार आणि खातेदार तोच हक्कदार, असे होते. वडिलोपार्जित वहिवाट असलेला, परंतु कागदावर नाव नसलेला आदिवासी त्यात कोठे बसणार? शिवाय भात, नाचणी, हिरडा यांवर जगणाऱ्या माणसाला बागायती मुलखातील तुकडा दिला, तरी तेथे पाय रोवणे सोपे नसते. कित्येक कुटुंबे धरणाच्या काठावरच वर सरकून राहिली.

या काठावरच्या कुटुंबांत आनंद कपूर व कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने केलेले काम उल्लेखनीय आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर शेती, उतारावर पडकई पद्धतीने भातखाचरे आणि जलाशयात सहकारी तत्त्वावर मासेमारी, असे निर्वाहाचे मार्ग तेथे उभे राहिले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिल्या जाणाऱ्या 'इक्वेटर' पुरस्काराने या कामाचा गौरव झाला. ज्या पाण्याने घर नेले त्याच पाण्यातून चूल पेटावी, ही कल्पना कोणत्याही पुनर्वसन योजनेने घेण्यासारखी आहे.

माळीण

३० जुलै २०१४ ची सकाळ आपल्या तालुक्यांत कोणी विसरेल असे वाटत नाही. मुसळधार पावसात डोंगराचा कडा सुटला आणि माळीण गावठाणातील चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेर पोचविली ती एस.टी.च्या चालकाने.

त्यानंतरच्या मदतीचे तीन टप्पे पडतात आणि ते समजून घेतले पाहिजेत. पहिला टप्पा तातडीच्या आसऱ्याचा. वाचलेल्यांना शाळेत ठेवणे, अन्न, कपडे, औषधे देणे, हे काम शासन, स्वयंसेवी संस्था आणि आसपासची गावे यांनी मिळून तत्परतेने केले. दुसरा टप्पा तात्पुरत्या निवाऱ्याचा, म्हणजे पत्र्याच्या शेडचा. या टप्प्याला 'तात्पुरता' म्हणतात. पण माळीणकरांचे त्यात दोन वर्षांहून अधिक काळ गेले. सह्याद्रीच्या पावसात आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली संसार करणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. तिसरा टप्पा कायम पुनर्वसनाचा. जवळच आमडे येथे जागा घेऊन ६७ घरांचे नवे गाव बांधण्यात आले व २ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले.

त्याच वर्षीच्या जूनमधील पहिल्या जोराच्या पावसात नव्या गावातील भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. पुढे दुरुस्तीची कामे झाली. परंतु ज्यांनी एकदा डोंगर कोसळताना पाहिला, त्यांच्या मनात त्या रात्री काय आले असेल? घराचा पाया जमिनीत असतो तसा तो माणसाच्या भरवशातही असतो. हा भरवसा देणे हाही निवाऱ्याचाच भाग मानला पाहिजे.

माळीणनंतर २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या. इर्शाळवाडीच्या लोकांना प्रथम कंटेनरच्या घरांत ठेवावे लागले. तेव्हा दुसऱ्या टप्प्याचा प्रश्न सर्वत्र सारखाच बिकट आहे.

हंगामापुरते बेघर

आता पूर्वेकडच्या बागायती पट्ट्याकडे वळू. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोपीत त्यांचा चार-पाच महिने मुक्काम असतो. याच हंगामात मेंढपाळांचे वाडे शेतांतून उतरतात. गावी यांचे घर असते. पण वर्षातला मोठा काळ ते घर कुलूपबंद असते.

जुन्नर तालुक्यातील माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र सर्वदूर प्रसिद्ध आहे आणि ते असावयासच हवे. मात्र ज्या उसातून बिबट्या बाहेर पडतो, त्याच उसाच्या कडेला मजुराचे मूल उघड्यावर झोपलेले असते, याचाही विचार तितक्याच आस्थेने व्हावयास हवा. साखरशाळांचा प्रयोग झाला; २०२१ मध्ये ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. मुलांची सोय त्यांच्या गावी झाली तर ती फडावर येणार नाहीत, ही यामागील दृष्टी योग्य आहे. पण आईबापांची रात्र कोपीतच जाते.

योजना आहेत, कागद कोठे आहे?

घरकुलासाठी योजना नाहीत असे नव्हे. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अडचण अशी की घरकुलाला जागा लागते, जागेला उतारा लागतो, आणि ज्याला निवाऱ्याची सर्वाधिक निकड आहे त्याच्याकडे बहुधा उतारा नसतो. जागा खरेदीसाठी साहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना शासनाने याचसाठी काढली. पण ती आहे हे वाडीवर कोणी सांगावयाचे?

येथे आपला, म्हणजे महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा, संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो. ते चांगलेच आहे. त्याच शिबिरातील दोन दिवस एखाद्या वाडीवर घरोघर बसून, कोणाकडे जातीचा दाखला नाही, कोणाचे नाव उताऱ्यावर नाही, कोणाचा अर्ज कोठे अडला आहे, याची यादी करावी आणि ती घेऊन तलाठी, ग्रामसेवक व प्रकल्प कार्यालयाकडे जावे. आपल्या वर्गात डिंभ्याच्या काठची आणि भीमाशंकरच्या खोऱ्यातील मुले-मुली बसतात. त्यांना विचारले तर सुरुवात कोठून करावी हे तेच सांगतील.

लेणी कोरणाऱ्या व्यापाऱ्यांनी खोलीबरोबर पोढी दिली आणि निर्वाहाचीही सोय लावली. आपल्या हाती छिन्नी-हातोडा नसला तरी लेखणी आहे. एका कुटुंबाचा अडलेला अर्ज तिने पुढे सरकला, तरी आपले शिक्षण कामी आले असे म्हणता येईल.