इंद्रियांच्या वाटा – लेखांक ७ : उशिरातून दिशा

मागच्या लेखांकात डोळ्याचे काम पाहिले. डोळ्याला दिशा शोधावी लागत नाही. प्रकाश भिंगातून आत आला की तो दृष्टिपटलाच्या ज्या बिंदूवर पडतो, तो बिंदूच मेंदूला सांगतो की वस्तू डावीकडे आहे की उजवीकडे, वर आहे की खाली. समोरच्या जगाचा नकाशा डोळ्यात आयताच उमटतो. कानाचे तसे नाही. अंतर्कर्णात आवाज सुटे होतात ते उंच-खालच्या पट्टीनुसार, जागेनुसार नव्हे. मांजर ओरडले की भांडे पडले हे कान ओळखतो. पण आवाज कुठून आला याची एक रेघही कानात उमटत नाही. तरीही मागून हाक आली की मान बरोबर त्या बाजूला वळते. मग ही दिशा येते कुठून?

याचे उत्तर शास्त्रज्ञांना ज्या पक्ष्याने दिले, तो हिंगोली जिल्ह्यातल्या गावांचा जुना शेजारी आहे. गव्हाणी घुबड. पडक्या वाड्याचे माळवद, वापरात नसलेल्या विहिरीची कपार, झाडाची ढोली, एवढे त्याला पुरते. सोयाबीन काढून शेतात सुड्या लागल्या की सांडलेल्या दाण्यांवर उंदीर जमतात आणि उंदरांमागे हे घुबड येते. पुढे हरभरा उभा राहिला की घाटेअळीसाठी शेतकरी पक्षीथांबे रोवतात. दिवसा त्यांवर कोतवाल बसतो. रात्री तीच जागा घुबडाला चालते.

त्याचा चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा. या चेहऱ्याकडे शोभा म्हणून पाहू नये. तो आवाज गोळा करणारी तबकडी आहे. कडेच्या दाट, ताठ पिसांवर आदळलेला आवाज आत कानाच्या भोकाकडे वळवला जातो. ही भोके बाहेरून दिसत नाहीत. पिसे बाजूला केली तर डोळ्यांच्या मागे, कातडीच्या पडद्याआड ती सापडतात आणि ती एका पातळीत नसतात. डावे भोक वर असते आणि त्याचा रोख खाली, उजवे खाली असते आणि त्याचा रोख वर. हा वाकडेपणा लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे आहे.

हे घुबड नुसत्या कानांनी शिकार करू शकते हे सिद्ध केले रॉजर पेन यांनी, १९६०च्या सुमारास, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगाला माहीत झालेले पेन ते हेच. त्यांनी एका खोलीत मिट्ट काळोख केला, जमिनीवर वाळलेला पाला पसरला आणि उंदीर सोडला. घुबडाने झेप घेतली आणि उंदीर उचलला. पण उंदराचा वास आला असेल, अंगाची ऊब कळली असेल, अशी शंका उरते. म्हणून पेन यांनी उंदराऐवजी कागदाचा बोळा पाल्यातून ओढत नेला. घुबड बोळ्यावर झेपावले. कागदाला ना वास, ना ऊब. होती ती फक्त पाल्याची सळसळ. मग घुबडाच्या एका कानात बोळा घातला, तर झेप चुकली. दिशा एका कानात नसते. ती दोन कानांमधल्या फरकात असते.

आता हा फरक किती बारीक आहे ते पाहू, कारण खरा चमत्कार इथे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. घुबडाच्या दोन कानांत जेमतेम ५ सेंटीमीटर अंतर. उंदीर अगदी उजवीकडे असला तरी डाव्या कानाला आवाज दीडशे-दोनशे मायक्रोसेकंदच उशिरा पोचतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. उंदीर जवळजवळ समोर, दोन-चार अंश बाजूला असेल, तर हा उशीर उरतो १० मायक्रोसेकंदांच्या आसपास. घुबडाला तोही कळतो. याउलट मेंदूतल्या पेशीचा एक विद्युत स्पंद साधारण एक हजार मायक्रोसेकंद टिकतो. म्हणजे ज्या घड्याळाचा एक ठोका हजाराचा, त्याने दहाचा फरक मोजायचा. हे जमते कसे?

याची एक युक्ती १९४८मध्ये लॉइड जेफ्रेस यांनी कागदावर मांडली होती. गावातल्या एका लांब रस्त्याच्या दोन टोकांहून दोन माणसे एकाच चालीने निघाली, तर ती मधोमध भेटतील. एकाला निघायला उशीर झाला तर भेट त्याच्या टोकाजवळ होईल. रस्त्याकडेच्या घरांतल्या कोणाच्याही हातात घड्याळ नको. भेट कोणाच्या दारात झाली एवढे सांगितले की कोण किती उशिरा निघाला ते कळते. जेफ्रेस म्हणाले, मेंदूतही असेच असावे. दोन्ही कानांचे स्पंद समोरासमोरून येत असावेत आणि वाटेत पेशींची एक रांग असावी. प्रत्येक पेशी तेव्हाच जोराने पेटेल, जेव्हा दोन्ही स्पंद तिच्याशी एकाच क्षणी पोचतील. मग कोणती पेशी पेटली हेच दिशेचे उत्तर. उशिराचे रूपांतर जागेत झाले.

चाळीस वर्षांनी ही रांग घुबडाच्या मेंदूत खरोखर सापडली. क्योटोत जन्मलेले मासाकाझु कोनिशी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये घुबडे पाळून संशोधन करत. त्यांनी आणि कॅथरिन कार यांनी १९८८ ते १९९०च्या दरम्यान दाखवून दिले की मेंदूच्या देठातल्या एका थरात एका कानाचे तंतू वरच्या बाजूने शिरतात, दुसऱ्या कानाचे खालच्या बाजूने. आत जाता जाता स्पंदाला उशीर होत जातो आणि मधल्या पेशी दोहोंची गाठभेट टिपतात. एखादा सिद्धांत कागदावरून इतक्या तंतोतंत देहात उतरलेला क्वचितच दिसतो. मात्र हा नियम सगळ्या प्राण्यांना लावता येत नाही. उंदीर-घुशींच्या वर्गातल्या प्राण्यांत ही रांग अशी सापडलेली नाही. तिथे मेंदूच्या दोन बाजूंच्या पेशी किती जोराने पेटल्या, त्यांच्या तुलनेतून दिशा निघते, असे पुढच्या संशोधनातून दिसले. शिकारी आणि शिकार एकाच शेतात राहतात, पण एकाच प्रश्नाची उत्तरे दोघांच्या मेंदूंनी वेगवेगळी काढली.

उशिरातून कळली ती फक्त डावी-उजवी बाजू. जमिनीवरचा उंदीर वरून उचलायचा तर वर-खालीही कळले पाहिजे. इथे कानांचा वाकडेपणा कामी येतो. डाव्या कानाचा रोख खाली असल्याने खालून आलेला बारीक आवाज त्याला मोठा ऐकू येतो, वरून आलेला उजव्याला. मेंदू उशीर एका वाटेने आणि आवाजाच्या जोरातला फरक दुसऱ्या वाटेने मोजतो आणि दोन्ही वाटा पुढे एकत्र आणतो. १९७८मध्ये एरिक नड्सन आणि कोनिशी यांनी घुबडाच्या भोवती एक स्पीकर फिरवत मध्यमेंदूतल्या पेशी ऐकल्या. एकेक पेशी अवकाशातल्या एकेका ठिकाणच्या आवाजालाच दाद देत होती. शेजारची पेशी शेजारच्या ठिकाणाला. कानात नसलेला नकाशा मेंदूने स्वतः काढला होता.

आणि काढलेला नकाशा बरोबर आहे हे ठरवतो डोळा. नड्सन यांनी पुढे स्टॅनफर्डमध्ये लहान घुबडांच्या डोळ्यांवर लोलक बसवले, त्यामुळे सगळे दृश्य एका बाजूला सरकून दिसू लागले. काही आठवड्यांत त्यांच्या ऐकण्याचा नकाशाही तेवढाच सरकला. कान खरे सांगत होते, पण मेंदूने साक्ष डोळ्यांची मानली. पिल्लांत हे सहज होते. प्रौढ घुबडांना मोठा बदल एकदम पेलत नाही. थोडा थोडा केला तर मात्र तीही बरेच शिकतात. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट असतात, फिरत नाहीत. म्हणून ते मान फिरवते आणि डोळे-कान एकत्रच वळतात.

पण एवढे कान असूनही उडताना पंखांचा फडफडाट झाला तर सगळे वाया. उंदीर सावध होईल आणि घुबडाचे स्वतःचे कानही त्या आवाजाने भरून जातील. म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखी बारीक पिसे, मागच्या कडेला मऊ झालर आणि वरच्या पृष्ठभागावर मखमली लव. अंगाच्या मानाने पंख मोठे, त्यामुळे कमी वेगात, कमी फडकवत तरंगता येते. शेवटच्या क्षणी डोके मागे जाते आणि जिथे डोके होते तिथे पाय येतात. उंदीर कोणत्या दिशेला पळतो आहे ते ऐकून नख्यांची रांग उंदराच्या लांबीला जुळवली जाते. हे सगळे हवेत, काळोखात.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर गेलेल्या माणसाला हे सगळे जास्त जवळचे वाटावे. तिथे उभारायच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. काटकोनातल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. या वेधशाळेला ‘दुर्बीण’ म्हणतात, पण खरे तर ती कानाच्या जातीची आहे. तिच्यावर आकाशाचे चित्र पडत नाही. लहर आली, एवढेच तिला कळते. कुठून आली ते नाही. म्हणजे तिची अडचण तीच, कानाची.

उपायही तोच निघाला. १४ सप्टेंबर २०१५ला पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली, ती अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेत आधी आणि हॅनफर्डच्या वेधशाळेत ६.९ मिलिसेकंदांनी नंतर. दोन्ही ठिकाणांत सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर. या उशिरावरून दिशेचा अंदाज बांधला, पण दोनच कान असल्याने आकाशाचा सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा हाती आला. त्यात पौर्णिमेची सुमारे तीन हजार चंद्रबिंबे मावतील. १७ ऑगस्ट २०१७ला आणखी एक लहर आली तेव्हा इटलीतली व्हर्गो ही तिसरी वेधशाळा सोबत होती. तिच्याकडे लहर फार क्षीण आली आणि त्या क्षीणपणानेच काम केले: उगम तिच्या जवळजवळ ‘बहिऱ्या’ दिशेत असला पाहिजे, हे कळले. उशीर आणि जोर, दोन्ही जोडल्यावर पट्टा २८ चौरस अंशांपर्यंत आला आणि अकराएक तासांत चिलीतल्या दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या उगमाचा प्रकाश शोधून काढला. घुबडाच्या मेंदूत ज्या दोन वाटा एकत्र येतात, त्याच या. औंढ्याचा कान अमेरिका, इटली, जपान इथल्या वेधशाळांपासून इतक्या दूर आहे की त्याच्यामुळे उशीर वाढेल आणि दिशा आणखी नेमकी होईल. हिंगोलीला ही वेधशाळा केवळ मोकळ्या जागेमुळे मिळाली असे समजू नये. जमिनीचा थरकाप कमी असणे ही तिची गरज आहे, जशी मुके पंख ही घुबडाची.

असा हा पक्षी आपण दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी विकला जाऊ देतो, याचा मला संताप येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. तरी त्याला पकडणारे आहेत आणि विकत घेणारेही. दुसरा धोका शेतातला. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावून उघड्यावर फिरतो, घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जाते. उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्यालाच आपण मारतो. ज्यांच्या वाड्यात किंवा कोठ्यावर घुबड राहते त्यांनी खाली पडलेल्या काळसर, चकचकीत गोळ्या एकदा उचलून पाहाव्यात. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून ओकते. गोळी कोमट पाण्यात भिजवून काडीने उकला. आत अख्ख्या कवट्या मिळतात, पुढचे पिवळट-नारिंगी दात शाबूत असलेल्या. एका गोळीत बहुधा एकाहून अधिक. त्या मोजल्या की आपल्या शेतातून किती उंदीर गेले याचा हिशेब दुसऱ्या कोणाला विचारावा लागत नाही.

पुढच्या लेखांकात वटवाघूळ. ते उंदराच्या सळसळीची वाट पाहत बसत नाही. स्वतःच ओरडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीचा उशीर मोजते. घुबडाचा उशीर दिशा सांगतो, वटवाघळाचा अंतर.