रात्री पाय स्वस्थ झोपू देत नाहीत? आधी औषधांची पिशवी उघडा

वर्षावासात आपल्या विहारांतून संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. नांदेडच्या एका वस्तीत रोज पुढच्या रांगेत बसणाऱ्या मावशी गेल्या वर्षी अचानक येईनाशा झाल्या. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, "बसलं की दहा मिंटात पायात किडे वळवळल्यावानी होतंय बघ. हलवल्याबिगर राहवत नाही. बाया म्हणतात, हिचं ध्यान कुठं हाय? मग नको वाटलं." रात्री त्या अंगणात फेऱ्या मारायच्या. शेजारी कुणीतरी 'बाहेरचं' बघून घ्यायला सांगितले होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे ऐकायला लागावे, याचे वाईट वाटले.

मावशींना शुगर आहे, बीपी आहे आणि किडनी कमजोर झाल्याचे निदान झालेले आहे. शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून, किडनीच्या शहरातल्या डॉक्टरांकडून, सर्दी-खाजेच्या मेडिकलमधून. पाय वळवळतात म्हटल्यावर मेडिकलवाल्याने त्यात आणखी एक झोपेची गोळी घातली. झोप आली नाही, गुंगी आली आणि मावशी पहाटे मोरीत पडल्या.

या त्रासाला डॉक्टर 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. आपल्याकडे त्याला ठरलेले नाव नाही. कुणी म्हणते पोटऱ्या ओढतात, कुणी म्हणते आतून मुंग्या चालतात, कुणाला सांगताच येत नाही. ओळखण्याच्या खुणा मात्र ठरलेल्या आहेत. पाय हलवण्याची अनावर ओढ लागते. बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर ती सुरू होते किंवा वाढते. चालले, पाय ताणले की तेवढ्यापुरता आराम पडतो. आणि संध्याकाळनंतर त्रास जास्त होतो. पोटरीत येणारा गोळा वेगळा, त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. शुगरमुळे नसा खराब झाल्या तर तळपाय जळतात, बधिर होतात आणि चालून फारसा फरक पडत नाही. चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबल्यावर थांबते, तेव्हा रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते. इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरने सतराव्या शतकातच असे रुग्ण नोंदवले आणि 1945 मध्ये स्वीडनच्या एकबॉम यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. मेंदूला पुरेसे लोह न मिळणे आणि डोपामिन या रसायनाचे काम बिघडणे याच्याशी हा आजार जोडलेला आहे. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो.

पायांनी झोप उडवणे ही किरकोळ गोष्ट नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. 1948 च्या सुरुवातीला बाबासाहेबांना पायांच्या वेदनांनी रात्र-रात्र झोप नव्हती. मधुमेह होता, इन्सुलिन चालू होते, होमिओपॅथीचे उपचारही चालू होते. त्याच फेब्रुवारीत त्यांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांकडे सोपवला. 15 एप्रिल 1948 रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला आणि औषधे, पथ्य, इन्सुलिन हे सगळे एका जाणत्या माणसाच्या हाती आले. बाबासाहेबांचा त्रास मज्जातंतूंच्या विकाराचा म्हणून नोंदला आहे. त्याला आज आपण दुसरे नाव चिकटवू नये. मला त्यातून एवढेच दिसते की अनेक आजार एकत्र असले की सगळ्यांचा हिशेब कुणीतरी एकाने ठेवावा लागतो. माईसाहेबांच्या या कामाची आपण नीट कदर केली नाही, हे माझे मत आहे.

आता मूळ मुद्दा. हा आजार पुष्कळदा दुसऱ्या आजाराच्या आडून येतो, आणि कित्येकदा त्या दुसऱ्या आजाराच्या औषधानेच तो भडकतो.

सगळ्यात आधी लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पण हिमोग्लोबिन ठीक असले तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो कळायला फेरिटिन ही तपासणी लागते. या आजारात फेरिटिन 75 किंवा त्याहून कमी असेल, तर प्रयोगशाळेच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेले असले तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. इथे आपल्या पोरांनी कागद वाचायला शिकले पाहिजे. अंगात संसर्ग किंवा सूज असेल, किंवा किडनीचा आजार असेल, तर फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही बघतात. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर वाया जाते. कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तरी तेच. रोज उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे खाणाऱ्यांच्या अंगी लोह कमी लागते. पाळीत जास्त रक्त जाणे, मूळव्याध, पोटातला अल्सर ही गळती बंद केली नाही तर वरून कितीही ओता.

पण म्हणून कुणी उठून लोहाच्या गोळ्या वाटू नयेत. सिकलसेल विदर्भातल्या आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही आढळतो, आणि नांदेडची सोयरीक यवतमाळ-नागपूरकडे पुष्कळ आहे. ज्यांना वारंवार रक्त चढते त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते. आधी तपासणी, मग गोळी.

डायलिसिसवरच्या माणसांत हा त्रास बराच दिसतो. चार तास खुर्चीत किंवा खाटेवर पडून राहायचे आणि पाय तर थांबत नाहीत. मग माणूस तासभर आधीच "सुया काढा" म्हणतो, किंवा पुढची पाळी चुकवतो. नातेवाइकांना वाटते कंटाळा केला. त्या कंटाळ्यामागे पाय आहेत का, हे विचारायला हवे, कारण डायलिसिस अर्धे राहणे जिवावर बेतू शकते. याच रुग्णांना मळमळ होते, अंगाला खाज सुटते. मळमळीवर मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन मिळते, खाजेवर अॅव्हिलसारखी गोळी. ही तिन्ही औषधे पायांचा त्रास वाढवू शकतात. म्हणजे दोन त्रासांवर औषध दिले आणि तिसरा पेटवला. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते, तेही याच जातीतले. मळमळ आणि खाज या दोन्हींवर दुसरे पर्याय आहेत, फक्त डॉक्टरांना पायांचे माहीत असायला हवे.

शुगरच्या रुग्णांची गाठ आणखी वेगळी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-12 कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांत मुंग्या येतात, म्हणून तेही तपासावे. नसांच्या जळजळीवर अनेकदा अॅमिट्रिप्टिलीन देतात. काहींना त्याने जळजळ कमी होते आणि वळवळ वाढते. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दोन्ही त्रासांवर चालते, पण ही औषधे किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी कमजोर असेल तर मात्रा बरीच कमी ठेवावी लागते. ती कमी केली नाही तर गुंगी, तोल जाणे, पडणे. मावशींच्या शेजारणीची गोळी मावशींनी घेऊ नये, ती यासाठी.

नैराश्यावरची काही औषधे आणि मानसिक आजारावरची ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉलसारखी औषधेही पाय अस्वस्थ करतात. इथे कार्यकर्त्यांना हात जोडून सांगणे आहे: ही औषधे कुणाच्या सांगण्यावरून बंद करायला लावू नका. अचानक बंद केली तर मूळ आजार उलटतो. मात्रा, वेळ किंवा औषध बदलणे हे मानसोपचारतज्ज्ञांचे काम, तिथवर माणसाला नेणे आपले.

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधे बरीच वर्षे या आजारावर पहिल्यांदा दिली जायची. सुरुवातीला गुण जादूसारखा येतो. पुढे काहींच्या बाबतीत रात्री दहाला सुरू होणारा त्रास दुपारी चारला सुरू होतो, पायांतून हातांत चढतो, आणि गोळी वाढवली की आणखी बिघडतो. काहींना जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागतो, आणि घरच्यांना त्याचा गोळीशी संबंध असेल असे वाटतही नाही. म्हणून 2025 मध्ये अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ही औषधे सरसकट न वापरण्याची शिफारस केली आणि लोह, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांना पुढे आणले. आधीपासून चालू असेल तर हीही एकदम सोडायची नाहीत, हळूहळू उतरवायची असतात.

गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास सुरू होऊन बाळंतपणानंतर बहुधा जातो. त्या काळात आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नीट घ्याव्यात, बाकी औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे, पण आहे. संध्याकाळी चालणे, पोटऱ्या ताणणे, चोळणे. संध्याकाळचा चहा आणि तंबाखू सोडून बघणे. झोपेसाठी 'थोडी' घेणारे पुरुष मी पाहिले आहेत. दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्रीनंतर पाय जास्त छळतात. पाचवे शील इथे औषधासारखे पाळावे. कोमट पाण्यात पाय ठेवल्याने बरे वाटते, मात्र शुगरने पाय बधिर झालेले असतील तर पाणी घरातल्या दुसऱ्याने हाताने पाहावे. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते.

विनयात भगवान बुद्धांनी शुश्रूषा करायला सोपा रुग्ण कोणता, हे सांगितले आहे. त्यात एक लक्षण असे आहे की तो आपला आजार आहे तसा सांगतो, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला. आपली माणसे नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात रांगेत तीन तास उभी राहतात आणि डॉक्टरांसमोर "पाय दुखतात" एवढेच म्हणतात. त्यावर दुखण्याची गोळी मिळते. सोबत जाणाऱ्याने आदल्या रात्री बसून चार ओळी लिहाव्यात: त्रास किती वाजता सुरू होतो, बसल्यावर वाढतो का, चालल्यावर थांबतो का, कोणती गोळी सुरू झाल्यापासून वाढला. आणि घरातली सगळी औषधे, मेडिकलमधून आणलेली, वैदूची, आयुर्वेदिक, सगळी एका पिशवीत घालून न्यावीत. रिकामी पाकिटेसुद्धा.

मावशींची पिशवी आम्ही अशीच नेली. खाजेची गोळी बदलली, झोपेची हळूहळू बंद केली, लोह तपासून ते शिरेतून दिले. त्रास पूर्ण गेलेला नाही. आठवड्यातून एक-दोन रात्री अजूनही फेऱ्या असतात. विहारात आता मागच्या भिंतीलगत पट्टी अंथरत नाहीत, ती जागा मोकळी ठेवतात. वाचन चालू असताना मावशी तिथे येरझारा घालत ऐकतात, आणि वाचणाऱ्या पोराचा उच्चार चुकला तर तिथूनच सांगतात.