राउटर का बंद पडला?

बँकेत भली मोठी रांग लागलेली आहे. कुणाला पेन्शन घ्यायची आहे, कुणाला परीक्षेची फी भरायची आहे. इतक्यात खिडकीमागून आवाज येतो, "लिंक गेली!" थोड्या वेळाने लिंक येते आणि पुन्हा जाते. अशा वेळी दोष तारेतच असेल असे नाही. कधी कधी तो राउटर नावाच्या पेटीत असतो.

राउटर हाही एक संगणकच आहे. माहितीची पाकिटे योग्य वाटेने पुढे धाडणे हे त्याचे काम. त्याच्या आत प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि या दोघांना जोडणारा तारांचा जुडगा असतो. या जुडग्याला बस म्हणतात. ही बस एस. टी. ची नव्हे! मेमरीतल्या प्रत्येक खान्याला क्रमांक असतो. त्याला पत्ता म्हणतात. उर्दूत आपण 'पता' म्हणतो, तोच हा शब्द.

प्रोसेसर बसवर पत्ता ठेवतो आणि उत्तराची वाट पाहतो. ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर काम तेथेच थांबते. यालाच बस एरर म्हणतात. मग राउटर आपोआप पुन्हा सुरू होतो.

उत्तर का येत नाही? पोस्टमनचे उदाहरण घ्या. तो पत्र परत आणतो, त्याची दोन कारणे असू शकतात. त्या नंबरचे घरच मोहल्ल्यात नसेल, म्हणजे पत्ता लिहिणारा चुकला. किंवा घर आहे, पण दार कोणी उघडत नाही. राउटरमध्ये पत्ता लिहिणारा म्हणजे प्रोग्राम आणि घर म्हणजे मेमरीची चिप.

१९९० च्या दशकात सिस्को कंपनीचे २५०० मालिकेचे राउटर पुष्कळ ठिकाणी वापरले जात. त्यांत मोटोरोलाचा ६८०३० जातीचा प्रोसेसर असे. 'शो व्हर्जन' ही आज्ञा दिली की, राउटर कोणत्या पत्त्यावर अडला ते पडद्यावर दिसे. 'शो रीजन' या आज्ञेने यंत्रात खरोखर असलेल्या पत्त्यांचा तक्ता मिळे. समजा, मुख्य मेमरी ८ मेगाबाइट आहे. म्हणजे तिचे पत्ते ० पासून ८३,८८,६०७ पर्यंत. राउटर ७,६०,००० या पत्त्यावर अडला असेल, तर घर आहे. तेव्हा संशय चिपवर जातो. तो २,००,००,००० वर अडला असेल आणि हा पत्ता तक्त्यात कोठेच नसेल, तर चूक बहुधा प्रोग्रामची. अशा वेळी नवी चिप विकत घेतली, तर पैसे जातात आणि लिंकही जातच राहते.

कधी प्रोग्राम स्वतःच काम थांबवतो. मेमरीचा कोणता भाग वापरात आहे आणि कोणता मोकळा, याचा हिशेब तो वारंवार तपासतो. हिशेब जुळला नाही की तो मुद्दाम यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. याला सॉफ्टवेअर-फोर्स्ड क्रॅश म्हणतात. मात्र नुसत्या नावावर जाऊ नये. हिशेब प्रोग्रामने बिघडवलेला असेल, तसाच तो खराब चिपनेही बिघडवलेला असेल.

यंत्र अडले की आपला पहिला हात बटणाकडे जातो. पण वीज बंद केली की मेमरीतली नोंद पुसली जाते. म्हणून जाणता कारागीर आधी पत्ता वहीत लिहून घेतो. चिपवर संशय असेल, तर मेमरीची पट्टी काढून पुन्हा नीट बसवतो आणि काही दिवस लक्ष ठेवतो. तोच बिघाड पुन्हा झाला, तरच तो पट्टी बदलतो.