सूर्याला विचारून बांधलेली शाळा

डिसेंबरातली सकाळ. गोधडीतून पाय बाहेर काढायचा म्हटलं तरी अंगावर काटा येतो ना? आता जरा लडाखला चला. तिथं हिवाळ्यात पारा शून्याच्याही खाली 15 अंश उतरतो. घराघरात बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, पेटलेली असते. पण लेहजवळ फे नावाच्या गावात, सिंधू नदीच्या काठी एक शाळा आहे. बाहेर उणे 15, आत मात्र चक्क 15 अंशांच्या आसपास! आणि बुखारी? ती नाहीच.

शाळेचं नाव सेकमॉल. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी 1988 मध्ये ही संस्था सुरू केली. गंमत म्हणजे इथं दहावीत नापास झालेल्या मुलांचं खास स्वागत व्हायचं!

मग ही ऊब येते कुठून? सूर्याकडून. पण सूर्य तर अख्ख्या लडाखवर तळपतो. मग इथंच काय वेगळं?

पहिली युक्ती दिशेची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि आकाशात फार वर चढत नाही. 22 डिसेंबरच्या दुपारी लेहमध्ये एक मीटरची काठी उभी केलीत, तर तिची सावली दीड मीटरहून लांब पडेल! असं तिरपं ऊन खिडकीतून थेट खोलीत शिरतं. म्हणून या इमारतीचं तोंड दक्षिणेला. थंडीत दक्षिणेच्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा पडदाही लावतात. उन्हात काचा बंद करून ठेवलेली मोटार आतून कशी तापते? तसंच इथं होतं. त्या उबेत भाजीसुद्धा पिकते. उन्हाळा आला की पडदा काढायचा.

दुसरी युक्ती भिंतींची. फळ्यांच्या साच्यात ओलसर माती भरायची आणि धुम्मसानं ठोकठोक ठोकायची. झाली जाडजूड भिंत तयार! उन्हाळ्यात संध्याकाळी दगडी पायरीवर बसलात की बुडाला चटका बसतो, आठवतंय? ऊन गेलं तरी दगडानं उष्णता धरून ठेवलेली असते. मातीची जाड भिंतही दिवसभर उष्णता पिते आणि रात्री हळूहळू परत देते.

तिसरी युक्ती गोधडीची! गोधडी स्वतः गरम नसते. ती आपल्याच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. जिथून ऊन येत नाही, त्या बाजूंना आणि छपराला इथं भुशासारख्या वस्तूंचा थर देऊन अशीच गोधडी पांघरली आहे. 2016 मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात मातीच्या इमारतींसाठीचा टेरा पुरस्कार या शाळेच्या मोठ्या इमारतीला मिळाला.

ही इमारत चालवतात मुलंच. कुणाकडे सौर विजेची जबाबदारी, कुणाकडे बाग, कुणाकडे गाई. मग ती आळीपाळीनं बदलते. स्वयंपाकासाठी मोठी आरशांची थाळी आहे. ती ऊन गोळा करून भांड्याखाली टाकते. सूर्य सरकला की थाळीलाही सरकावं लागतं, नाहीतर डाळ कच्ची! सूर्य आकाशात कसा फिरतो, हे मग वेगळं पाठ कशाला करायचं?

तर मग आपणही अशीच शाळा बांधूया? थांबा, थांबा! हीच इमारत चंद्रपूरला बांधली तर मे महिन्यात वर्गाची भट्टी होईल. आपल्याला ऊन आत घ्यायचं नाही, बाहेर अडवायचं आहे. आपल्याला हवी रुंद पडवी, दाट झाडं आणि समोरासमोर खिडक्या. सेकमॉलची नक्कल करू नका. घ्यायचीच तर तिची सवय घ्या, आधी सूर्याला विचारण्याची.

सुरुवात उद्याच करा. शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी रोवा आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मोजा. पुण्यात 22 डिसेंबरला ती 90 सेंटिमीटर भरेल. मे महिन्याच्या मध्यावर एके दुपारी ती चक्क गायब होईल! तो शून्य सावलीचा दिवस. लेहच्या मुलांना तो कधीच पाहायला मिळत नाही, कारण लेह कर्कवृत्ताच्या बरंच उत्तरेला आहे.

आणि हो, तुमच्या वर्गाच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत? आधी ते बघून या!