दूरचा विद्रोह, जवळचा विद्रोह

वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला शहरात वावरायलाही ‘पास’ लागे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्रांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ६९ माणसे मेली. वॉली सेरोटे यांची कविता याच दडपशाहीतली. १९७२ सालच्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचे नावच मुळी गुरांच्या हंबरड्यावरून घेतलेले. त्याच वर्षी आपल्याकडे नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. दोन्हीकडे वस्तीची बोली. दयेची याचना कुठेच नाही, जाब विचारणे आहे. आपल्याला मात्र दूरचा विद्रोह जागतिक साहित्य वाटतो आणि जवळचा असभ्य! १९३० साली काळारामाचे दार सत्याग्रहींना बंद झाले, ते याच नाशकात. आफ्रिकेची कविता त्या दारापाशी उभे राहून वाचावी. मगच ती कळेल.