जुन्या कोडमधले नियम उकलताना

कोबोल ही संगणकभाषा १९५९ सालची. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांत ती आजही राबते आहे. एप्रिल २०२०मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. कोबोलमधली अशी प्रणाली नव्याने बांधायची, तर आधी जुन्या प्रणालीतले नियम उकलावे लागतात. कागदपत्रे बहुधा कालबाह्य, लिहिणारे निवृत्त. हाती उरतो तो कोड.

कोडमधून नियम काढण्याची एक रीत अशी: भत्त्याच्या रकमेसारखा एखादा आकडा धरायचा आणि त्यावर परिणाम करणाऱ्या ओळीच तेवढ्या वेगळ्या काढायच्या. मार्क वायझर यांनी १९८१च्या निबंधात मांडलेले हे 'प्रोग्राम स्लायसिंग'. खरी मेख पुढेच. 'वर्ष ५०पेक्षा कमी असेल तर आधी २० जोडा, नाहीतर १९' अशी ओळ सापडते. हा कामकाजाचा नियम नव्हे, वायटूकेच्या, म्हणजे वर्ष दोनच अंकांत लिहिल्यामुळे २००० साली येऊ घातलेल्या घोळाच्या, वेळचे ठिगळ. ते नव्या प्रणालीत नेण्याचे कारण नाही. पण 'अमुक वयावरील अर्ज बाजूला काढा' हा कायदा, की कुण्या साहेबाने तेव्हा पाहिलेली सोय? सॉफ्टवेअर ओळ दाखवते, कारण सांगत नाही. त्यासाठी खात्यातला जुनाजाणता कारकूनच गाठावा लागतो, आणि त्याच्या वेळेची तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच असते.