वॉलपेपर काढायचा खर्च कसा मांडायचा?

१२ बाय १० फुटांची खोली, उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. एक दार आणि एक खिडकी वजा केली, की उरतात जवळपास ४००. कंत्राटदाराशी बोलणी या आकड्यावर करा, खोलीच्या चटईक्षेत्रावर नको.

भाव ठरवण्याआधी एक कोपरा उकलून पाहाच. विनाइलचा वरचा थर सहसा सहज निघतो. खरी मजुरी खाली राहिलेल्या कागदाची आणि खळीची. तो कोमट पाण्याने भिजवून पत्तीने खरवडावा लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी बघता बघता सुकतं, म्हणून थोडाथोडा भागच भिजवायचा. खाली पीओपी असेल तर पाणी बेतानेच, नाहीतर पृष्ठभागच निघून येतो. स्विचबोर्डाजवळ काम करताना मेन स्विच बंद हवा.

कूलरच्या खिडकीलगतची भिंत वेगळी तपासा. तिथे वर्षानुवर्षं ओल मुरलेली असते. पोपडे धरलेलं प्लास्टर ठोकून काढणं, नवं भरणं आणि ते पुरतं वाळू देणं हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहून घ्या. भांडणं इथेच होतात.

साहित्य मात्र सोपं आहे. पुट्टीचे दोन हात, किलोला सुमारे १२ चौरस फूट धरले तर ४० किलोची एक गोणी पुरते. प्रायमर साधारण ४ लिटर. पॉलिश पेपरने घासाई आणि मलबा उचलणं मजुरीत धरलं आहे का, तेही विचारा. दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळणं कठीण, तेव्हा पाऊस सरून भिंती सुकल्या की लगेच काम लावा.